वरच्यांचा आवाज

न्यूझीलंडमधल्या आमच्या जॉन्सनव्हिलच्या घरमालकांचं नाव मी इथे लिहीत नाही, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहूनही ते नाव मला धड उच्चारता येत नाही, तर लिहिणार काय? माणूस आइसलँडचा. नावात मधेच एक 'थ' येतो, त्याचा बघता बघता 'ध' होतो आणि शेवटी घशात काहीतरी अडकल्यासारखं होऊन नाव संपतं. पहिल्या दिवशी मी मन लावून प्रयत्न केला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "तुम्ही आत्ता आमच्याकडच्या एका बंदराचं नाव घेतलंत. छान बंदर आहे."

मग मी 'मिस्टर' लावून पाहिलं. तेही त्यांना चालेना. त्यांच्या देशात म्हणे पंतप्रधानालासुद्धा पहिल्या नावानंच हाक मारतात. शेवटी आम्ही घरातल्या घरात त्यांचं नाव ठेवलं 'वरचे'. घर उतारावर होतं. रस्त्याच्या पातळीला त्यांचा मजला आणि पायऱ्या उतरून खाली आमचा. त्यामुळे 'वरचे आले', 'वरच्यांना विचार', 'वरच्यांनी पुन्हा मासे आणून दिलेत' अशी आमची बोलणी चालायची.

त्या पायऱ्यांवरच त्यांची पहिली ओळख झाली. सामान आलं त्या दिवशी माझा नवरा मिलिंद आणि त्याच्या ऑफिसातले दोघं जण फ्रिज खाली कसा न्यायचा यावर चर्चा करत होते. तिघंही इंजिनियर, त्यामुळे चर्चा रंगली होती. कुणीतरी दोरी आणली होती. तेवढ्यात ऐन जुलैच्या थंडीत हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला, सत्तरीकडे झुकलेला एक डोंगराएवढा माणूस वरून आला. सासरी निघालेल्या लेकीला मिठी मारावी तशी त्याने फ्रिजला मिठी मारली आणि पायऱ्या उतरून गेला. खालून आवाज आला, "कुठे ठेवू?" मिलिंदच्या हातात दोरी तशीच.

वरच्या डेकवरून त्यांची बायको ट्रिश ओरडली, "बूट घालून काम कर रे, म्हाताऱ्या!" ट्रिश इथलीच, किवी. आयुष्यभर नर्स होती, आणि नवऱ्याकडेही ती ऐकत नसलेला पेशंट म्हणूनच बघायची.

पण मी सांगणार आहे ते त्यांच्या ताकदीबद्दल कमी आणि आवाजाबद्दल जास्त. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. खोल, सावकाश, आणि प्रत्येक शब्दाला बसायला खुर्ची दिल्यासारखा. सकाळी डबे भरताना डेकवरून तो ऐकू यायचा: "वायव्येकडून जोरदार वारे. दुपारनंतर पाऊस. निळा टॉवेल कुंपणापलीकडे गेला आहे." आम्ही धावत जाऊन टॉवेल आणायचो. वेलिंग्टनच्या वाऱ्यात आमचे बरेच कपडे या बातम्यांमुळे वाचले.

हा आवाज घरगुती नव्हे, हे आम्हाला सुपरमार्केटमध्ये कळलं. मी दही घेत होते. पलीकडे वरचे कुणाला तरी विचारत होते, ओट्सची मोठी पिशवी कुठे आहे म्हणून. त्यांचा आवाज ऐकून एक तरुण टुरिस्ट जोडपं जागच्या जागी थबकलं. मुलाची ट्रॉली तशीच पुढे जाऊन बिस्किटांवर आपटली. मग त्यांच्या भाषेत बोलणं, हसणं, फोटो. मुलीच्या डोळ्यात चक्क पाणी होतं.

घरी येताना मी विचारलं, "तुम्ही नक्की आहात तरी कोण?"

"आमचा देश लहान आहे," ते म्हणाले. "तिथे प्रसिद्ध व्हायला फार काही करावं लागत नाही. हळूहळू सगळ्यांचीच पाळी येते."

बाकीचं ट्रिशनं सांगितलं. तरुणपणी ते ताकदीच्या स्पर्धा गाजवायचे. दगड उचलणं, गाड्या ओढणं, ओंडके फेकणं. त्यात गुडघा गेला तेव्हा रेडिओवर लागले, आणि पुढे अनेक वर्षं त्याच स्पर्धांचं समालोचन करत राहिले. अख्ख्या देशाला तो आवाज माहीत. शाळेतली पोरं त्यांची नक्कल करायची. आणि इथे? कोपऱ्यावरच्या डेअरीचे, म्हणजे इथल्या किराणा दुकानाचे, गुजराती काका त्यांना 'बिग फेला' म्हणायचे आणि आइस्क्रीमचा फ्रीझर हलवायचा असला की बोलवायचे. वरचे आनंदानं जायचे. बदल्यात एक कँडी मिळायची, ती ट्रिशला दिसू नये म्हणून रस्त्यातच संपवायचे.

मात्र एक विचित्र खोड होती. फोनवर निरोप ठेवायची वेळ आली की ते फोन बंद करायचे. 'बीपनंतर बोला' म्हटलं की संपलं. त्यांचा मिस्ड कॉल दिसला की आम्ही समजायचो, आता थोड्या वेळात दार वाजणार. एकदा ते हार्डवेअरच्या दुकानातून गाडी चालवत परत आले, मला सांगायला की नळाचा वॉशर कोणत्या मापाचा हवा ते त्यांना विचारायचं आहे. माप घेतलं आणि पुन्हा गेले. बर्गरच्या दुकानात गाडीतून ऑर्डर द्यायला तो डबा असतो ना, त्याच्याशीही बोलायचे नाहीत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवताहेत, आणि हे उतरून, दुकानात चालत जाऊन, काउंटरवर सभ्यपणे सांगताहेत की मला दोन फिश बर्गर हवेत. मला वाटायचं, असतो म्हाताऱ्या माणसांना मशीनचा कंटाळा.

मागच्या अंगणात त्यांचे दगड होते. गुळगुळीत, मोठे, ओळीने मांडलेले. त्यांच्याकडे म्हणे जुन्या काळी कोळ्यांच्या बंदरावर असे दगड असायचे. कोणता उचलता येतो त्यावरून तरुणाची पारख. सर्वात मोठा उचलला तर तो 'पूर्ण', मधला उचलला तर 'अर्धा', आणि तोही नाही जमला तर बाबा, तू होडीवर येऊ नकोस. या मापात ते सगळं जग मोजायचे. मिलिंदचा चहा अर्धा. माझा पूर्ण. आमच्या खासदारांचं भाषण होडीवर न घेण्याच्या लायकीचं.

माझी आई नागपूरहून आली तेव्हा तिनं त्यांना सगळ्यांना म्हणते तसं हात जोडून "जय भीम" म्हटलं. वरच्यांनी अर्थ विचारला नाही, स्वतः शोधला. दुसऱ्या दिवशी उत्साहानं खाली आले. "मी वाचलं! भीम म्हणजे गदा घेतलेला, राक्षसांशी कुस्ती खेळणारा! तुम्ही लोक एकमेकांना ताकदीच्या माणसाच्या नावानं भेटता? किती सुंदर!"

मी त्यांना हॉलमध्ये नेऊन भिंतीवरचा फोटो दाखवला. निळा सूट, चष्मा, हातात पुस्तक. म्हटलं, "तो नाही. हे." आणि मग थोडक्यात सगळं सांगितलं: कोण होते, कुणासाठी लढले, त्या पुस्तकात काय आहे, आम्ही इथवर कसे आलो. ते बराच वेळ फोटोसमोर उभे राहिले.

"पूर्ण," ते म्हणाले. आई नंतर मला म्हणाली, "अरे बापा, काय म्हणाला तो? चांगलंच म्हणाला असेल." त्यानंतर तिला पायऱ्यांवर भेटले की तेच आधी "जय भीम" म्हणायचे, आणि असं खणखणीत म्हणायचे की शेजारची कुत्री भुंकायला लागायची.

आता संघमित्राबद्दल. माझी मुलगी. घरात मित्रा. तिच्याशी मी मराठीत बोलते, ती मला इंग्लिशमध्ये उत्तर देते आणि आमचं दोघींचं भांडण उत्तम चालतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिनं अचानक पोहणं सोडलं. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. इतकं छान पोहायची. कारण विचारलं तर "नथिंग." मग एक दिवस तिच्या कपाटात टॉग्ज, तिचे पोहायचे कपडे, कात्रीनं कापलेले सापडले. वर्गातली मुलं तिच्या खांद्यांवरून काहीतरी बोलली होती. माझ्या घराण्यात सगळ्यांचे खांदे रुंद आहेत. मी रडले, तिनं दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात ती कचऱ्याचा भरलेला डबा पायऱ्यांवरून वर नेत होती. चाकांचा डबा, पण पायऱ्यांवर चाकांचा काय उपयोग? तिनं तो उचललाच. वरून आवाज आला, "उत्तम पाठ आहे. उद्या शाळेनंतर अंगणात ये."

ती गेली. का गेली, कोण जाणे. मला वाटतं, पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या शरीराबद्दल काहीतरी चांगलं आणि खरं बोललं होतं.

मी इमारतींवरचा भार मोजण्याचं काम करते. कोणता खांब किती पेलेल, भूकंपात काय होईल, हे सांगून मी पोट भरते. पण माझी मुलगी दगडाला मिठी मारून वाकलेली दिसली की माझी सगळी गणितं वाहून जायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायचे, "ठेव खाली! ठेव खाली गं, पाठ मोडेल!" रोज. शेवटी वरच्यांनी विचारलं, "हे 'ठेव खाली' म्हणजे काय? भारतात दगड उचलताना असं म्हणतात का?" मी अर्थ सांगितला. ते गंभीरपणे म्हणाले, "हे शिकून ठेवायला हवं."

वर्षभरात मित्रा बदलली. ताठ चालायला लागली. डोंगरापलीकडे वैरारापातल्या एका गावात उन्हाळ्यात स्कॉटिश खेळांची जत्रा भरते, तिथे मुलींच्या गटात दगड उचलण्यात तिनं नाव घातलं. आम्ही सगळे आदल्या संध्याकाळीच तिथे जाऊन राहिलो. हे बरं झालं, कारण सकाळी वाऱ्यामुळे डोंगरातला रस्ता बंद झाला आणि वेलिंग्टनहून येणारा समालोचक पलीकडेच अडकला.

आयोजक एक हसतमुख बाई होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलं, तो मोठा म्हातारा पूर्वी रेडिओवर होता. त्या माइक घेऊनच आल्या. "किआ ओरा! तुम्ही आम्हाला वाचवणार म्हणे!"

वरचे त्या माइककडे बघत राहिले. म्हणाले, "नाही." इतकंच. आणि वळून गाड्या लावल्या होत्या तिकडे चालू लागले.

मला रागच आला. गाडीच्या डिकीवर बसून ट्रिश थर्मासमधला चहा ओतत होती. मी तिला म्हटलं, "एवढं काय मागितलं त्या बाईंनी?" तिनं कप माझ्या हातात दिला आणि सांगितलं.

त्यांचा एक मित्र होता, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. हिवाळ्यातली मोठी स्पर्धा, बंद हॉल, रेडिओवर थेट समालोचन. मित्र दगड घेऊन चालत होता. मधेच थांबला, दगड ठेवला, खाली बसला आणि आडवा झाला. यांना काचेतून सगळं दिसत होतं. कानातल्या हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं, बोलत राहा. हे बोलत राहिले. तो बसला आहे, डॉक्टर त्याच्याजवळ आहेत, तोवर आपण पुढच्या स्पर्धकाकडे वळू. आवाज एकदाही हलला नाही. मित्र दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. दुसऱ्या दिवशी लोकांनी यांचं कौतुक केलं, काय हा धीर, काय हा निवेदक! "ते कौतुक त्याला सहन झालं नाही," ट्रिश म्हणाली. "त्यानंतर तो माइकसमोर बसला नाही. त्या मित्राच्या बायकोला तोंडही दाखवलं नाही. पुढे मी भेटले, आणि जगात त्या देशापासून याहून लांब जागा नाही म्हणून तो इथे आला."

मी चहा तसाच धरून बसले. इतक्यात दिसलं की मित्रा त्यांच्याकडे निघाली आहे. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी उठेपर्यंत ती त्यांच्यासमोर उभी.

"ती बाई आत्ता माझं नाव वाचून दाखवत होती," मित्रा त्यांना इंग्लिशमध्ये म्हणाली. "सँग... सँगा... मग ती हसली. सगळ्यांसमोर तसंच म्हणणार ती. तुम्हाला माझं नाव नीट येतं."

 वरच्यांनी हात पुढे केला, जणू तिनंच माइक आणला होता. तिनं धावत जाऊन तो आणला.

मी आजवर कितीतरी क्रिकेटचं समालोचन ऐकलंय, पण त्या मैदानावर जे झालं ते वेगळंच होतं. सॉसेज खाणारी माणसं खायची थांबली. एक शेतकऱ्याची मुलगी दगडाशी झुंजत होती आणि वरचे सांगत होते की दगड कसा आधी मांडीवर घ्यायचा, तिथे श्वास घ्यायचा, दगडाला आपली ओळख होऊ द्यायची. दगड पडला तरी लोक टाळ्या वाजवत होते. मिलिंद माझ्या कानात म्हणाला, "हा माणूस आपल्याला टॉवेलच्या बातम्या देत होता?"

मग त्यांनी म्हटलं, "संघमित्रा." प्रत्येक अक्षर जागच्या जागी.

मित्रानं दगड धरला. मांडीवर घेतला. श्वास घेतला. मग छातीशी कवटाळून उठायला लागली. दगड ज्यावर ठेवायचा तो चबुतरा तिच्या पोटाच्या उंचीचा. दगड अर्ध्यावर आला आणि अडकला. तिचा चेहरा लाल झाला, मग कसातरीच. पाय थरथरायला लागले. मी तोंडावर हात धरला होता. आणि माझ्या लक्षात आलं की स्पीकर गप्प झालेत. एक शब्द नाही. सगळं मैदान गप्प.

आणि मग त्या स्पीकरमधून, फाटक्या, कापऱ्या, कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या आवाजात: "ठेव खाली! ठेव खाली! मित्रा, ठेव खाली!"

तिनं दचकून दगड सोडला. गवतात धप्पकन पडला. संपलं. तिचा तो शेवटचा प्रयत्न होता.

"आय हॅड इट!" ती त्यांच्याकडे बघत ओरडली. "आई, आय हॅड इट!" आणि मला नंतर व्हिडिओ बघून कबूल करावं लागलं की खरंच तिला जमत होतं. आणखी एक श्वास, आणि दगड वर गेला असता. समालोचकानंच खेळाडूला पाडल्याचं उदाहरण त्या जत्रेत पूर्वी नसावं. वरचे माइक गवतावर ठेवून, मान खाली घालून उभे होते. ट्रिश त्यांच्या दंडाला धरून त्यांना गाडीकडे घेऊन गेली.

 पुढचे कित्येक दिवस मित्रा त्यांच्याशी बोलली नाही. अंगणात जायची नाही. डेकवरून हवामान येईना. एक पांढरी चादर तर आम्ही कायमचीच गमावली.

मग एका दुपारी ते पायऱ्या उतरून आले आणि सर्वात खालच्या पायरीवर बसले. मित्रा दारात बूट काढत होती. मी आत भाजी चिरत होते. चिरायची थांबले.

ट्रिशनं मला सांगितलं होतं ते सगळं त्यांनी तिला स्वतः सांगितलं. आवाज साधा, निवेदकाचा नव्हे. शेवटी म्हणाले, "तेव्हा ओरडायला हवं होतं आणि मी बोलत राहिलो. या वेळी गप्प बसायला हवं होतं आणि मी ओरडलो. तू माझ्यावर रागव. तू रागावायला समोर आहेस, याचं मला बरं वाटतं."

मित्रा बराच वेळ बुटाच्या नाड्यांशी खेळत राहिली. मग तिनं विचारलं, "आणि त्याची बायको? तिच्याशी कधीच बोलला नाहीत?"

"नाही."

"दॅट्स प्रिटी बॅड, ए."

"हो."

"तुम्ही जायला हवं," ती म्हणाली. तिच्या वयाची मुलं किती सरळ बोलतात. मी असते तर चहा केला असता, विषय बदलला असता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अंगणात गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिनं तोच दगड त्याच मैदानावर चबुतऱ्यावर ठेवला. समालोचक दुसराच होता आणि त्यानं तिच्या नावाची पुरती वाट लावली. वरचे आमच्यामागे डोळे मिटून उभे होते. टाळ्या ऐकूनच त्यांनी ते उघडले.

पण त्याआधी, आमच्याकडे हिवाळा आणि त्यांच्याकडे उन्हाळा असताना, ते आइसलँडला जाऊन आले. एकटेच. ट्रिशनं त्यांना विमानतळावर सोडलं आणि दोन आठवडे आमच्याकडे येऊन पोहे खात बसली, कारण तिला वर एकटीला करमेना. तिला काळजी होती. ती दाखवत नव्हती, पण एकाच दिवशी तिनं आमचे सगळे चमचे घासून काढले.

ते परत आले त्या संध्याकाळी आम्ही सगळे वर गेलो. चेहऱ्यावरून काही कळेना. मित्रानंच विचारलं, "भेटल्या?"

"भेटली. म्हातारी झाली आहे. मीही झालोय म्हणाली."

"रागावल्या?"

 ते सांगायला लागले. त्या दिवशी ती घरी रेडिओ लावून इस्त्री करत होती. दोन लहान मुलं जवळ. यांच्या तोंडून तिनं ऐकलं की तो खाली बसला आहे, डॉक्टर आले आहेत. पण यांचा आवाज रोजच्यासारखा होता. तेव्हा तिला वाटलं, लागलं असेल काहीतरी. तिनं इस्त्री बंद केली. मुलांना गरम कपडे घातले, शेजारणीकडे सोडलं, आणि सावकाश गाडी चालवत निघाली. रस्त्यावर बर्फ होता, आणि त्यांचं घर घाटात होतं.

"ती म्हणाली, तुझा आवाज जरा जरी हलला असता ना, तर मी मुलांना गाडीत कोंबून त्या रस्त्यावर तशीच सुसाट निघाले असते. आम्ही तिघंही पोचलो नसतो." वरच्यांनी चष्मा काढला. "म्हणाली, इतकी वर्षं तुझे आभार मानायचे होते. तू आलाच नाहीस."

ट्रिशनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर वारा सुटला होता आणि कुणाचे तरी कपडे नक्की उडत होते, पण कुणी उठलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "माझ्या तोंडून शब्दच फुटेना. तिनं कॉफी केली. आम्ही खिडकीत बसलो. तीच बोलत राहिली, मुलांबद्दल, नातवंडांबद्दल, त्याच्याबद्दल. मी आपला ऐकत होतो."